कालनिर्णयवरची वजनं

मागच्या उन्हाळ्यात भंडाऱ्याकडचे एक काका पाच महिन्यांत तिसऱ्यांदा भरती झाले, पाय सुजलेले, रात्री आडवं होता येईना, बसूनच झोप. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ती तशीच, हृदयाचं पंपिंग ३० टक्के, म्हणजे बरंच कमी. मी फाईल चाळत होते तेवढ्यात आमच्या सिस्टरने सहज विचारलं, काका गुडघे दुखतात का? "हाव, एकच तं गोळी घेतो रोज." डायक्लोफेनॅक, दुखण्यावरची गोळी! त्याने अंगात मीठ-पाणी साचतं, किडनीवर ताण येतो, आणि मी तीनदा भरती करूनही एकदाही विचारलं नव्हतं. फार लागलं मनाला.

त्यानंतरच हार्ट फेल्युअरची, म्हणजे काकांसारखं हृदय कमजोर पडलेल्यांची, वेगळी ओपीडी सुरू केली, दर मंगळवारी. सिस्टर, आहारतज्ज्ञ, फार्मासिस्ट, फिजिओ आणि मी. नवीन मशीन एकही नाही, एक वजनकाटा आणि सिस्टरकडे एक वेगळा मोबाईल. सुट्टी झाल्यावर ७ ते १४ दिवसांत पेशंटला बोलवायचंच, कारण परत भरती व्हायची भीती त्याच आठवड्यांत सगळ्यात जास्त. पंपिंग कमी असलेल्यांना चार प्रकारची औषधं लागतात, ती थोड्या डोसने सुरू करून वाढवत न्यायची, दरवेळी बीपी, किडनीसाठी क्रिएटिनिन, पोटॅशियम बघायचं, हे एकट्या डॉक्टरला गर्दीच्या ओपीडीत जमत नाही हो. २०२२ च्या स्ट्राँग-एचएफ अभ्यासात असं भराभर डोस वाढवून जवळून लक्ष ठेवलेल्यांपैकी १८० दिवसांत १५.२ टक्के दगावले किंवा हार्ट फेल्युअरसाठी परत भरती झाले, नेहमीच्या उपचारात २३.३ टक्के.

आहारतज्ज्ञ नुसतं "मीठ कमी करा" म्हणत नाही, पापड, लोणचं, सांडगे, सकाळचे तर्री पोहे, एकेक विचारते. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की काळजी बरोबर उलट, घामाने पाणी जातंच, वर लघवीच्या गोळीचा तोच डोस, माणूस चक्कर येऊन पडतो, म्हणून तेव्हा सिस्टर स्वतःहून फोन करते.

काकांच्या घरी काकू रोज सकाळी कालनिर्णयच्या चौकोनात वजन लिहितात. ६१.४, ६१.५, ६१.३. मग तीन दिवसांत ६३.६, त्याला लाल गोल. तीन दिवसांत दोन किलो वाढले की फोन करायचा हे पक्कं सांगितलेलं, त्यांनी लगेच केला. लघवीची गोळी तीन दिवस वाढवली, रक्त तपासलं, भरती टळली. या मंगळवारी काकू ते कॅलेंडर गुंडाळून सोबतच घेऊन आल्या होत्या.