क्लेम कापला की तुम्हाला किती मिळायचे?

लग्न असो की बारसं, मी टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं आरोग्यविम्याचे क्लेम हाताळणाऱ्या कंपनीत, मोठ्या पदावर होते हे कळलं की कुणीतरी विचारतंच, "क्लेम कापला की तुम्हाला कमिशन किती हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

शून्य. टीपीएला मोबदला विमा कंपनी देते, हप्त्याच्या टक्क्यांत किंवा विमा असलेल्या माणशी. किती कापलं यावर तो ठरवायचा नाही, असा नियमच आहे. क्लेम नामंजूर करायचा अधिकारही कंपनीचा.

मी बीएएमएस. २००१मध्ये टीपीएचे नियम आले, नव्या टीपीए कंपन्यांना डॉक्टर हवे झाले. सुरुवात रात्रपाळीत फॅक्सवर आलेले प्रीऑथचे, म्हणजे उपचारांच्या खर्चाला आगाऊ मंजुरी मागणारे, फॉर्म वाचण्यापासून. मग क्लेम, मग हॉस्पिटल नेटवर्क, म्हणजे कॅशलेसच्या यादीतल्या हॉस्पिटलांशी करार, शेवटी सगळं ऑपरेशन्स.

धंदा कळला तो नेटवर्कमध्ये. एकाच शहरात मोतीबिंदूचे दर दर गल्लीत वेगळे, आणि विमा आहे म्हटलं की ते चढायचे. जुलै २०१०मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई-दिल्लीसारख्या शहरांतल्या बड्या हॉस्पिटलांचं कॅशलेस बंद केलं आणि पॅकेजचे, म्हणजे ऑपरेशनमागे ठरवून दिलेले, दर मान्य करणाऱ्यांनाच यादीत घेतलं. लोक आमच्या नावानं बोटं मोडत होते. मला कंपन्यांचं ते पाऊल रास्त वाटलं, आजही वाटतं.

तरी तुमच्या संशयात तथ्य आहे, फक्त जागा चुकली. मोबदला ठरलेला, म्हणजे फाइलवर घालवलेला प्रत्येक मिनिट खर्चाचा. माणसं कमी ठेवली की ढीग साचतो, आणि फाइल नीट वाचण्याऐवजी 'क्वेरी' टाकली जाते: इनडोअर पेपर (दाखल असतानाच्या नोंदी) पाठवा, डिस्चार्ज समरीवर सही नाही. तेवढ्यानं काम हॉस्पिटलवर ढकलता येतं. मंजुरीची वाट बघत पेशंट कपडे बदलून रात्रीपर्यंत बेडवर बसून. २०२४पासून कॅशलेसची पहिली मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायचं बंधन आहे. उशिरामुळे बिल वाढलं तर भार कंपनीवर. माझ्या वेळी हा नियम असता, तर दर वर्षी जादा माणसं मागायला वरच्यांशी हुज्जत घालावी लागली नसती.

आता कापलेले पैसे. त्यातले पुष्कळ तुम्ही खोली निवडता तेव्हाच कापले जातात. समजा ५ लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. तुम्ही घेतली ८,०००ची. खोलीच्या वर्गाप्रमाणे सर्जनची फी, ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) दर बदलत असतील, तर तेही त्याच प्रमाणात कापले जातात: अशा १,६०,०००च्या खर्चापैकी १,००,००० मिळणार. औषधं आणि इम्प्लांटला ही कात्री लावता येत नाही. लावली असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात काही झालं नाही, की विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही. वकील मात्र नेऊ नका, तिथे चालत नाही.