नायसेच्या दोन्ही तीरांवरची घरे

जर्मनीच्या अगदी पूर्व टोकाला, नायसे नदीच्या काठी ग्योर्लित्झ वसले आहे. १९४५ नंतर नदी हीच सीमा ठरली आणि शहराचा पलीकडचा भाग पोलंडमध्ये जाऊन त्याचे झ्गोझेलेत्स झाले. या टापूतल्या ‘उमगेबिंडे’ घरांच्या छायाचित्रांचे एक छोटेखानी प्रदर्शन पाहायला मी ड्रेस्डेनहून आगगाडीने तिथे गेले.

या घरांच्या तळमजल्यावरची खोली आडव्या ओंडक्यांची असते. तिच्या भिंतींबाहेर मात्र जाड लाकडी खांब उभे करून वरच्या मजल्याचा भार त्यांच्यावर तोललेला असतो. लाकूड वाळले की जाडीत आकसते, त्यामुळे ओंडक्यांची भिंत हळूहळू खाली बसते, पण वरचा मजला जागचा हलत नाही. विणकराच्या मागाचे हादरे वर पोचू नयेत म्हणून ही युक्ती निघाली, असेही सांगतात. परंतु ज्यांचा विणकामाशी संबंध नव्हता त्या शेतकऱ्यांची घरेही अशीच असल्याने मला पहिले कारण अधिक पटते.

बरीचशी छायाचित्रे दिनदर्शिकेला शोभतील अशी होती: पाटीच्या दगडाची नक्षी, दाराच्या ग्रॅनाइटी चौकटीवर कोरलेले साल, खिडक्यांतली फुले. ती देखणी असली तरी घर उभे कसे राहते हे त्यांतून कळत नव्हते. ते कळले पोलंडच्या बाजूच्या एका पडक्या घराच्या कृष्णधवल चित्रातून. त्यातली ओंडक्यांची भिंत एका कोपऱ्यात कुजून ढासळली होती आणि तिच्यापासून वीतभर अंतरावरचा खांब वरची तुळई पेलून ताठ उभा होता. अशी ओसाड घरे त्या बाजूला का दिसतात, याचे एक कारण इतिहासात आहे: युद्धानंतर इथल्या जर्मनांना घालवून देण्यात आले आणि दुरून आलेल्या पोलिश कुटुंबांना ही बांधणी सर्वस्वी अनोळखी होती.

दुपारी २००४ साली पुन्हा बांधलेल्या पादचारी पुलावरून मी झ्गोझेलेत्सला गेले. तिथे १८२२ सालचे, गाडीची चाके घडवणाऱ्या कारागिराचे घर आहे. तुरूफच्या कोळसा खाणीपायी विगान्चित्से हे त्याचे मूळ गाव उठले, तेव्हा घर उतरवून २००५ मध्ये इथे पुन्हा उभारण्यात आले. खांब आणि ओंडके यांच्यामधल्या फटीत हात घालून पाहण्याचा मोह मी अर्थातच आवरला नाही.

कुणाला जायचे असेल तर मेचा शेवटचा रविवार गाठावा. त्या दिवशी अनेक घरमालक आपली घरे आतून पाहू देतात.