सूर्यास्ताकडे पाठ करा

कोकणातल्या लाईटहाऊसचे फोटो नेटवर शोधून बघा, बरेचसे एकाच साच्यातले निघतील. नारिंगी आकाश, मधे सूर्याचा गोळा आणि कडेला एक काळी आकृती, ती लाईटहाऊस आहे की मोबाईल टॉवर हे खालचं कॅप्शन वाचल्यावर कळतं. वाईट नसतात हो. पण आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, संध्याकाळी सगळा उजेड समुद्राकडून जमिनीवर येतो, आणि तो ज्याच्यावर पडतोय ते सोडून जिथून येतोय तिकडेच सगळे कॅमेरे रोखलेले, हे काही मला पटत नाही.

सूर्य बुडायच्या आधी अर्धा तास पाठ फिरवून बघा फक्त. दुपारभर मळकट तपकिरी दिसणारा जांभ्याचा कडा लालबुंद होतो, सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळ पठारावरचं गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिवळं झालेलं असतं ते पेटतं, आणि टॉवरचा पांढरा चुना आधी पिवळसर मग गुलाबी. इथे कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग आपोआप सुधारणारी सोय, मात्र बंद करा, तो नको तिथे शहाणपणा करून हा सगळा रंग धुऊन टाकतो, सरळ डेलाइटवर, म्हणजे दिवसाच्या उन्हाच्या सेटिंगवर ठेवा. आणि मागे काळे ढग असतील तर कॅमेरा फ्रेम उगाच उजळवतो आणि टॉवर कोरा कागद होतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली ओढायचं. सावलीतला तपशील नंतर काढता येतो, जळलेला पांढरा काही केल्या परत येत नाही.

आता अडचण अशी की लाईटहाऊस असतं टोकावर, त्याच्या पुढे उभं राहायचं म्हणजे समुद्रातच. म्हणून बाजूची जागा शोधावी लागते, खाडीपलीकडची किंवा शेजारच्या पुळणीवरची. रत्नागिरीचंच घ्या. भाट्याच्या पुळणीवरून बघितलं तर लाईटहाऊस असलेलं रत्नदुर्ग किल्ल्याचं टोक साधारण वायव्येला येतं. आपल्याकडे सूर्य जूनमध्ये पश्चिमेच्या साधारण २४-२५ अंश उत्तरेला बुडतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला, म्हणजे वर्षभरात मावळायची जागा जवळजवळ ५० अंश सरकते. त्यामुळे मे महिन्यात भाट्यावरून सूर्य त्या टोकाच्याच बाजूला उतरतो आणि सगळं काळं दिसतं, पण डिसेंबर-जानेवारीत तो डावीकडे उघड्या समुद्रात बुडतो आणि तिरपा उजेड कड्यावर येतो. जागा तीच, लेन्स तीच. लोक मेच्या सुट्टीत जातात आणि म्हणतात रत्नागिरीला लाईट मिळत नाही!

सूर्य गेल्यावर सगळे गाड्या काढतात. देवगडला मामा दर वेळी विचारतात, "अरे झिला, सूर्य बुडालो, आता कसले फोटो काढतंस?" मामा, आताच तर. आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ, सूर्य सरळ खाली जातो, संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत आटपतो. त्यातली मधली थोडी मिनिटं अशी असतात की आकाश निळं आणि वरचा दिवा दोन्ही सारख्या जोराचे दिसतात. त्याआधी दिवा फिका, नंतर आकाश काळं आणि दिव्याच्या जागी नुसता पांढरा ठिपका.

प्रत्येक लाईटहाऊसची चमकायची लय वेगळी असते, खलाशाला त्यावरूनच कळतं आपण कुठे आलो ते. फोटोवाल्यांनीही ती आधी घड्याळ लावून मोजावी. दिवा फिरणारा असेल आणि शटर अख्ख्या फेरीपेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं तर झोत सगळीकडे पसरतो, एकच झोत हवा असेल तर तो आपल्या बाजूला येतानाच शटर उघडायचं आणि लगेच मिटायचं. झोत दिसायला हवेत दमटपणा लागतो, तो आपल्याकडे फुकट आहे. मोबाईलचा नाइट मोड बऱ्याच फ्रेम एकावर एक चढवतो, त्यात झोत लापशी होऊन जातो, तेव्हा मॅन्युअलवर जा, शटरची वेळ आपल्या हाताने ठरवा.

तळ्यांचं गणित उलटं. मालवण तालुक्यातल्या धामापूरला संध्याकाळी मी जात नाही, पहाटे जातो. १५३० च्या सुमाराचा हा तलाव, काठाला भगवतीचं देऊळ, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि भोवती झाडीचे डोंगर, त्यामुळे ऊन पाण्यापर्यंत उशिरा पोचतं. तोच फायदा. हिवाळ्यात पाण्यावर धुकं असतं, वर झाडांच्या शेंड्यांना ऊन लागलेलं आणि खाली सगळं निळसर, आणि खारा वारा सुटेपर्यंत पाणी हलत नाही म्हणून प्रतिबिंब आख्खं मिळतं. इथे पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिरवायचा फिल्टर, लावताना जपून, जास्त फिरवलात तर ज्यासाठी पहाटे उठलात ते प्रतिबिंबच पुसलं जातं. पावसाळ्यात मात्र तो हवाच, ओल्या पानांवरची चमक गेली की हिरवा खरा हिरवा दिसतो.

सावंतवाडीचा मोती तलाव गावाच्या मधोमध, तिथे संध्याकाळच बरी, काठावरचे दिवे पाण्यात उतरतात. पण तिथे गर्दी आणि भेळ दोन्ही आहेत, त्यामुळे ट्रायपॉड कमी आणि प्लेट जास्त हातात असते.

बाकी सामानात एकच गोष्ट सांगतो, मऊ कापड दोन घ्या, एक ओलं एक कोरडं. समुद्रावर लेन्सवर खारं पाणी सतत बसतं, कोरड्याने पुसलं तर नुसतं फासलं जातं आणि दिव्याभोवती घाणेरडं वलय येतं, जे घरी मोठ्या स्क्रीनवरच दिसतं.