इलेक्शन नसताना बंदूक जमा करायला गेलो तर

"इलेक्शन आहे का आत्ता? मग कशाला जमा करताय?" हे वाक्य मी तीन वेळा ऐकलंय, आमच्या पोलीस ठाण्यात, त्याच टेबलावर, त्याच माणसाकडून. राग अजून गेला नाहीये म्हणून लिहायला बसले.

आबा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि मग बँकेत गनमन, स्वतःच्या लायसनची बारा बोअरची बंदूक. पाठीचं दुखणं नोकरीतलंच, त्यावर ट्रामाडॉलची कॅप्सूल (दुखणं थांबवते, पण सवय लागते) सुरू झाली, दोनाच्या दहा कधी झाल्या कळलंच नाही, कळलं ते मेडिकलवाल्याची उधारीची वही बघून. 2018 पासून ही गोळी एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही, पण फौजी काकांना नाही कोण म्हणणार. मिळाली नाही की घाम, जांभया, पाय झाडणं, रात्रभर अंगणात चकरा. मग एक दिवस आईला म्हणाले, पेन्शनचे कागद लाल फाईलमध्ये लावलेत, तुला फॅमिली पेन्शन लागेल, कुठाय ते बघून ठेव. आई नुसतं बरं म्हणाली आणि मला फोन करून रडली. त्या रात्री दोन वाजता मी 14416 ला फोन लावला, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्या बाईंनी सांगितलं ही कागदं लावणं साधं समजू नका, आजच दाखवा.

ईसीएचएसचं (माजी सैनिकांची आरोग्य योजना) रेफरल, पुण्यात ॲडमिट, सवय सोडवायला बुप्रेनॉर्फिन, डिप्रेशनची गोळी हे सगळं नीट पार पडलं, त्यावर काही लिहीत नाही. अडकलं पुढे. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी डॉक्टर मॅडमनी विचारलं, घरात हत्यार आहे का? मी म्हटलं आहे, कपाटात. त्या म्हणाल्या घरी गेल्यावरचे पहिले आठवडे सगळ्यात नाजूक, आधी ते घराबाहेर काढा, आणि तोपर्यंत किल्ली आईकडे नको, शेजारी द्या.

काढा म्हणणं सोपं आहे. लायसन आबांचं, त्यामुळे मी ती बंदूक उचलून नेऊच शकत नाही, त्यांनाच यावं लागणार, म्हणजे त्यांना सांगावं लागणार. दोन दिवस तोंड उघडलं नाही माझं. शेवटी जेवताना म्हटलं, आबा, बंदूक ठेवून येऊया का काही महिने? ते ताटाकडे बघत म्हणाले, मॅडमनी सांगितलंय का? हो म्हटलं. मग म्हणाले, चल.

पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी मुद्देमालवाले रजेवर, आणि "आचारसंहितेत सगळ्यांच्याच जमा करतो की, तेव्हा या." तिसऱ्या दिवशी अर्ज आणा, कारण लिहा. आबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, तब्येतीच्या कारणास्तव. तो जमादार मोठ्यांदा, "कसली तब्येत? धडधाकट तर दिसताय काका." मागच्या बाकावर आठ-दहा माणसं, त्यातले दोन आमच्याच वाडीतले. आबा हात मागे बांधून विश्राममध्ये उभे असतात ना तसे उभे राहिले, उत्तर दिलं नाही, आणि मी तिथे जे बोलले ते इथे टाईप करत नाही. चूक झाली माझी, कारण त्यानंतर तो अर्ज घ्यायलाच तयार नव्हता, "लायसन रद्दच करून टाका मग" म्हणाला, आणि आबांचा चेहरा उतरला तो तेव्हा.

परत आलो, बंदूक परत कपाटात, किल्ली परत शेजारी. त्या रात्री मी हॉलमध्येच झोपले, झोपले कसली.

सुटका केली आबांच्याच युनिटमधल्या सुभेदार काकांनी. म्हणाले अगं पोरी, पोलीस ठाण्यात कशाला मरायला गेलीस, लायसनवाला बंदुकीचा दुकानदार ठेवून घेतो की, महिन्याचं भाडं असतं. शहरात गेलो, अर्ध्या तासात काम झालं. दुकानात आबांनी नळीत डोळा लावून बघितलं, चिंधी मागितली, स्वतः पुसून तेल दिलं आणि दुकानदाराला म्हणाले, पावसाळ्यात परत तेल द्या, गंज धरते.

कुणावर वेळ आली तर, पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसं किती ते दोन्ही लिहून घ्या, काडतुसं पण तिथेच ठेवा, घरी एकही नको. पावतीची झेरॉक्स ठाण्यात देऊन आवक शिक्का घ्या, शिक्क्याला नाही म्हणत नाहीत. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, घरात लपवलेली गोळ्यांची पाकिटं शोधा, आम्हाला ट्रंकेत जुन्या वर्दीच्या खिशात तीन सापडली. औषध सोडल्यावर शरीराची सवय मोडते, मग पहिल्याइतक्या गोळ्या एकदम घेतल्या तर माणूस जाऊ शकतो, हे मॅडमनी दोनदा बजावलंय.

आबा आता बरे आहेत म्हणजे चिडचिड करतात, जेवतात, महिन्याच्या महिन्याला पुण्याला जातात, गनमनची नोकरी सोडली. एक तारखेला विचारतात, भाडं भरलंस का.

गेल्या आठवड्यात आचारसंहिता लागली. त्याच जमादाराचा फोन, "काका, बंदूक जमा करायला या, लवकर या, गर्दी होते." मी शिक्का मारलेल्या पावतीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. अजून निळी टिक आली नाही.