खांबामागची खुर्ची

2 नोव्हेंबर 2025 रोजी महिला विश्वचषकाचा अंतिम सामना मी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वरच्या स्टँडमधून पाहिला. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवले, हे सर्वांना ठाऊकच आहे. माझे लक्ष मात्र अधूनमधून छताकडे जात होते. हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी आखलेल्या या स्टेडियमच्या छताला प्रेक्षकांच्या पुढ्यात एकही खांब नाही. सगळा भार मागच्या बाजूने पेललेला आहे. वाशीतल्या एका कार्यालयात आयुष्यभर आरसीसीची ड्रॉइंग काढलेल्या माणसाला चेंडूइतकेच कॅन्टिलिव्हरही, म्हणजे असे एकाच बाजूने पेललेले बांधकामही, दिसते, त्याला इलाज नाही. शिवाय आदल्याच वर्षी मी एका खांबामागे बसून बेसबॉलचा सामना पाहिला होता.

मुलगी बॉस्टनला असते. तिने फोनवर विचारले होते, “बाबा, खांबामागची तिकिटं स्वस्तात मिळतायत, चालतील ना?” फेनवे पार्क हे तिथले मैदान 20 एप्रिल 1912 रोजी सुरू झाले, आणि जुन्या पद्धतीप्रमाणे त्याच्या ग्रँडस्टँडचे छत प्रेक्षकांमध्येच उभ्या असलेल्या लोखंडी खांबांवर आहे. दृश्यात अडथळा असल्याचे सांगूनच ती तिकिटे विकली जातात. मला चेंडू फेकणारा दिसत होता, पण मारणारा दिसण्यासाठी मान डावीकडे कलवावी लागत होती. बसायला 1934 सालच्या नूतनीकरणाच्या वेळच्या ओक लाकडाच्या खुर्च्या होत्या. आपल्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसण्याची सवय असलेल्यालाही त्या अरुंद वाटाव्यात.

हे मैदान पाडून शेजारी नवे बांधण्याची योजना 1999 मध्ये जाहीर झाली होती. 2002 मध्ये मालकी बदलली आणि नव्या मालकांनी जुनेच दुरुस्त करायचे ठरवले. हे काम जॅनेट मेरी स्मिथ यांच्याकडे आले. बाल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्स या बेसबॉल मैदानाच्या उभारणीतही त्या होत्या. खर्च निघायचा तर महागड्या जागा वाढवणे भाग होते आणि जुन्या मैदानात जागा तर नव्हती. डाव्या बाजूला ‘ग्रीन मॉन्स्टर’ नावाची 37 फूट उंचीची भिंत आहे. मागच्या रस्त्यावरच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून तिच्यावर 1936 पासून जाळी होती. 2003 मध्ये ती जाळी काढून भिंतीच्या माथ्यावर उंच स्टूल आणि समोर अरुंद कट्टा अशा अडीचशेहून थोड्या अधिक जागा केल्या गेल्या. पुढच्या वर्षी उजवीकडच्या छतावर टेबले आली. माझ्या मते या नूतनीकरणातला सर्वात शहाणपणाचा निर्णय हाच, कारण नव्वद वर्षांत जिथे कोणी बसले नव्हते तिथे श्रीमंतांची सोय झाली आणि त्यासाठी कोणालाही मागे सरकावे लागले नाही.

त्याआधीचा प्रयोग नेमका उलटा होता. 1980च्या दशकाच्या अखेरीस होम प्लेटच्या, म्हणजे चेंडू मारणारा उभा राहतो त्या जागेच्या मागे, वरच्या बाजूला, संपूर्ण काचेआड वातानुकूलित क्लब बांधण्यात आला होता. त्या काचेमुळे वारा फिरतो आणि लांब मारलेले चेंडू आत पडतात अशी तक्रार काही फलंदाज करीत. ते असेल किंवा नसेल. लाकडी बॅटचा आवाज मात्र काचेमागे पोहोचणे शक्यच नव्हते. 2006 च्या मोसमाआधी ती काच काढून ती जागा उघडी करण्यात आली. आपल्याकडच्या एका मैदानावरच्या तशाच बॉक्समध्ये मी ओळखीतून एकदा बसलो आहे. पनीर टिक्का उत्तम होता, आणि विकेट पडल्याचे आम्हाला समोरच्या टीव्हीवरून कळले.

महागड्या जागांचे खरे दुखणे सेक्शनमध्ये, म्हणजे स्टँड उभा कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये, दिसते. खालचा आणि वरचा स्टँड यांच्यामध्ये बॉक्सचे मजले घुसवले की वरचा स्टँड तेवढा उंच जातो, आणि पुढच्याच्या डोक्यावरून नजर जावी म्हणून त्याचा चढही वाढवावा लागतो. शिकागोत 1991 मध्ये बांधलेल्या नव्या कॉमिस्की पार्कमध्ये वरच्या स्टँडची पहिली रांग जुन्या मैदानातल्या वरच्या शेवटच्या रांगेपेक्षाही लांब पडली. अखेर 2004 मध्ये वरच्या आठ रांगा, म्हणजे सुमारे 6,600 खुर्च्या, काढून टाकाव्या लागल्या. आपले वानखेडे तर जन्मालाच आले ते ब्रेबोर्नवरच्या जागांच्या वाटपाच्या भांडणातून, आणि 2011 च्या विश्वचषकासाठी त्याचे नूतनीकरण झाले तेव्हा सुमारे 45,000 ची क्षमता 33,000 वर आली. बाकांऐवजी सुटसुटीत खुर्च्या आल्या, हे चांगलेच झाले. पण कमी झालेली बारा हजार माणसे कोणत्या स्टँडमधली होती, हे सांगायला ड्रॉइंग उघडण्याची गरज नाही.

फेनवेची न दिसणारी दुरुस्ती मला अधिक आवडली. दर हिवाळ्यात खालच्या स्टँडचा एकेक भाग उघडायचा, खुर्च्या काढायच्या, काँक्रीट दुरुस्त करून त्यावर वॉटरप्रूफिंग करायचे आणि एप्रिलपूर्वी खुर्च्या परत बसवायच्या, असे काम काही वर्षे चालले. तिथे मैदान रिकामे असते तेव्हा थंडीने काँक्रीट गोठण्याची भीती. आपल्याकडे मैदान रिकामे असते तेव्हा पाऊस. नेरुळमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून सोसायटीच्या किती सभा उधळल्या आहेत हे माहीत असल्यामुळे, त्या वेळापत्रकाचे मोल मला जरा जास्तच कळते.

राहिला तो खांब. आजच्या तंत्राने तो काढता येईल, पण मग वरचा भार मागून पेलावा लागेल आणि वरच्या रांगाही मैदानापासून मागे सरकतील. खांब आहेत म्हणूनच तिथले छत आणि त्यावरच्या जागा खेळाच्या इतक्या जवळ आहेत. नेरुळला माझ्या आणि मैदानाच्या मध्ये काहीच नव्हते, तरी गोलंदाजाचा चेहरा पाहायला मोठा पडदाच लागला. फेनवेला खांबाच्या बाजूने डोकावल्यावर चेंडू पकडणाऱ्याने मातीत घासलेला बूटही दिसला. मुलीला सांगून ठेवले आहे की पुढच्या वेळी तिकिटे खांबामागचीच काढ; फक्त नकाशा पाहून अशी जागा निवड, की आड आला तर तिसऱ्या बेसवरचा माणूस येईल.