बर्फ आणि डासांच्या मधला आठवडा

इनारी सरोवरावर मासे गरवायला कधी जावं, या प्रश्नाला फिनलंडच्या उत्तरेकडच्या लॅपलंडमध्ये एकच उत्तर मिळतं: बर्फ गेल्यावर आणि डास यायच्या आधी. बर्फ जातं साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि डास उठतात साधारण दुसऱ्या. मध्ये उरते ती फट, कधी आठवड्याची, कधी त्याहूनही अरुंद. तिच्यासाठी आम्ही थंडीपासून एक्सेल भरतोय.

इनारी म्हणजे फिनलंडच्या उत्तर टोकाजवळचं, हजार चौरस किलोमीटरहून मोठं पाणी आणि त्यात तीन हजारांवर बेटं. हेलसिंकीहून रात्रीच्या रेल्वेवर गाडी चढवायची, रोवानिएमीला उतरवायची आणि पुढे सव्वातीनशे किलोमीटर रस्त्यात उभ्या रेनडिअरांची मर्जी सांभाळत जायचं. हेलसिंकीत लोक आइस्क्रीम खात फिरू लागतात तेव्हा इनारीवर अजून बर्फ असतं. ते नुसतं वितळत नाही, आधी सडतं. आतून उभ्या कांड्या सुट्या होतात आणि मग काही दिवस त्यावरून चालताही येत नाही आणि होडीही घालता येत नाही.

पण ज्याला मासे कळतात तो नद्यांच्या मुखांकडे बघतो. इवालोसारख्या नद्या येऊन मिळतात तिथलं बर्फ आधी उघडतं, बारके मासे तिथे जमतात आणि त्यांच्यामागून ट्राउट येतात. पाइक तर बर्फ फुटताच गवताळ उथळ पाण्यात अंडी घालायला शिरतो. ग्रेलिंगला त्यासाठी वाहत्या पाण्यातली खडी लागते.

हे सगळं मी फोनवर अण्णांना रंगवून सांगितलं. ते सिंधुदुर्गातले. मिरगाच्या पावसात चढणीच्या माशांसाठी रात्री कंदील घेऊन व्हाळाकाठी उभं राहण्यात त्यांचं तारुण्य गेलं. ऐकून म्हणाले, “मगे तारीख कसली घेवन बसलंस? पाणी इला काय मासो चढताच.”

तारीख मला नको होती हो, ती आरक्षणाला हवी होती. म्हणून तिथल्या लाकडी झोपडीच्या मालकाला विचारलं, यंदा बर्फ कधी जाईल? बराच वेळ शांतता. मग म्हणाला, “जाईल.” फिन लोकांच्या हिशेबात हा माणूस बडबड्या.

परवान्यांचं प्रकरण मात्र मला मनापासून आवडलं. साधी काठी, गळ आणि गांडूळ घेऊन तळ्याकाठी बसणाऱ्याला इथे परवाना लागत नाही, मग तो कुठल्याही देशाचा असो. रीळ लावून चकचकीत आमिष ओढायचं म्हटलं की 18 ते 69 वयाच्या माणसाला सरकारी शुल्क भरावं लागतं, आणि उत्तरेकडच्या बऱ्याच पाण्यांसाठी वर वेगळा परवाना. हाव वाढली की पैसे वाढले. इतका समंजस कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. नॉर्वेच्या सीमेवरची तेनो नदी आमच्या यादीतून केव्हाच कटली. तिथला सामन (सॅल्मन) मासा इतका रोडावला की 2021 साली त्याची मासेमारीच बंद करावी लागली.

मेच्या अखेरीपासून तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे ‘पहाटे लवकर निघू’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. बायको म्हणाली, “मग जेवायचं कधी, तेवढं लिहून ठेव.” पाणी तेव्हा हाडं गोठवणारं असतं. पडलो तर पोहता येण्याचा फारसा उपयोग नाही, तेव्हा लाइफ जॅकेटवर आमचा वाद नाही.

वाद आहे तो रव्यावर. पाइकमध्ये बारीक काटे फार, त्यामुळे रवा लावून तळायला तो कुचकामी, असं माझं मत. काट्यांना घाबरणाऱ्याने गरवायला जाऊ नये, असं बायकोचं. तूर्त रवा आणि कोकमं पिशवीत गेली आहेत, सोबत खिचडीचं सामान, कारण माशांनी आम्हाला काही कबूल केलेलं नाही. झोपडीवाल्याने शेवटी जूनमध्ये कधीही या म्हणून सांगितलं. ऑफिसच्या रजेच्या अर्जात मात्र तारखेचा रकाना रिकामा सोडता येत नाही. तिथे काय भरायचं, यावर आज रात्री पुन्हा बैठक आहे.