शिंदेंचा ठिपका

आमच्या दुकानाच्या बोर्डवर अजून 'रेडियम' असंच लिहिलंय, नंबरप्लेटा आणि गाड्यांवरचे स्टिकर करत करतच हे सुरू झालं ना, पण कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचेस सुरू व्हायच्या आधी पेठेतली पोरं जर्सीवर नावं टाकायला येतात तेव्हा खरी परीक्षा असते ती प्लॉटरची, म्हणजे अक्षरं कापायच्या मशीनची. माझी नव्हे. असं मी म्हणतो.

इंग्लिश अक्षरं सरळसोट, कापली की झालं. देवनागरीत वेलांट्या, उकार, रफार, आणि सगळ्यात बेक्कार म्हणजे अनुस्वार. परवा 'शिंदे' कापलं, आई शेजारी मशीनची सुई घेऊन जादाचं सोलत बसलेली, म्हणते, "आरं, ह्येचा ठिपका गेला की." बघतो तर दोन मिलिमीटरचा ठिपका कचऱ्याबरोबर उठून तिच्या अंगठ्याला चिकटलेला. शिंदेचं शिदे!

मी आपला लगेच फोर्स, म्हणजे पात्याचा दाब वाढवला, पाच-पाच ग्रॅमनं. ही माझी जुनी खोड. हीट ट्रान्सफरच्या, म्हणजे गरम दाबून कापडावर चिकटवायच्या शीटमध्ये वरची फिल्म आणि गोंद कापायचा, खालचं प्लास्टिक नाही, त्यावर नुसता ओरखडा उमटायला पाहिजे, मागनं नख फिरवलं तर जेमतेम लागेल इतकाच. आणि फिल्म असते साधारण कागदाएवढी जाड, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या आसपास, त्यात वर-खाली करायला जागा ती किती? तिसऱ्या टेस्टला खालचं प्लास्टिकच फाटलं आणि अख्खा 'शि' सुईबरोबर वर आला.

मग जरा डोकं शांत करून टेस्टला कापलेला चौकोन आणि गोल उजेडात धरला. चौकोनाच्या कोपऱ्यांना शिंगं आलेली. गोलाचं तोंडही बंद नाही, जिथनं सुरू केलं तिथं पातं परत पोचलंच नव्हतं. म्हणजे फोर्सचा संबंधच नाही, घोळ ऑफसेटचा. पात्याचं टोक बरोबर मधोमध नसतं, जरा मागं असतं, उसाची ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागनं येते तसं ते ओढलं जातं. ड्रायव्हर कोपऱ्यावर जरा पुढं जाऊन मग वळवतो, नाहीतर ट्रॉली आतनं कोपरा मारते, तसं मशीनलाही सांगावं लागतं की भावा, पातं इतकं मागं आहे, त्या हिशोबानं वळ. आमच्या पात्याला ०.२५ मिलिमीटर. जास्त सांगितलं तर कोपऱ्याला शिंगं फुटतात, कमी सांगितलं तर गोल. मागच्या आठवड्यात फ्लॉकसाठी, म्हणजे मखमलीसारख्या जाड फिल्मसाठी, ६० अंशाचं पातं लावलं, ऑफसेट बदलला, मग परत ४५ चं बसवलं आणि आकडा तसाच राहिला. आता कुणाची परीक्षा म्हणायची ही?

आकडा नीट केला, ओव्हरकट चालू केला म्हणजे पातं सुरुवातीच्या जागेवरनं जरा पुढंपर्यंत जातं, फोर्स परत खाली आणला. मिरर मारलेला, म्हणजे अक्षरं उलटी करून कापलेली होतीच, ती चूक आयुष्यात एकदाच करायची आणि मी केलेली आहे, २२ जर्स्यांवर. आईनं सोलायला घेतलं, ठिपका जागचा हलला नाही. जुना मात्र तिच्या अंगठ्यावरच होता, भाकरी थापायला गेली तेव्हा कळलं.

संध्याकाळी एक पोरगं आलं, "दादा, पाठीवर 'पांडुरंग' टाकायचंय."

म्हटलं टाकूया की, कुठल्या कलरमध्ये?

"ग्लिटरमध्ये. लई बारीक अक्षरात."